जुन्या गोव्याचा धर्मग्राम

मी सुप्याचा एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, उभा जन्म फळ्यापुढें गेला. पहिल्या तासाला हजेरी घ्यावयाची आणि मगच धड्याला हात घालावयाचा, ही संवय अंगांत इतकी मुरलेली आहे कीं, या ध्वनिक्षेपकापुढें बसल्याबरोबर पहिला विचार मनांत आला तो हाच, कीं आज पटावर किती आणि हजर किती? तें मला येथून दिसत नाहीं. घंटा वाजवावी आणि ती कोणाच्या कानीं पडली हें वाजविणाऱ्याला कळूं नये, असा हा रेडिओचा प्रकार आहे. माझ्या आजच्या विषयाशीं तो बराच जुळता आहे, म्हणून त्याबद्दल तक्रार करीत नाहीं.

विषय आहे जुन्या गोव्याचा. पारनेर तालुक्यांतील एका मास्तरानें मांडवी नदीच्या कांठावरील ख्रिस्ती देवळांविषयीं बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. यामागें एक जुनी चूक आहे, आणि ती माझी स्वतःची आहे.

तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. शाळेची सहल घेऊन आम्ही गोव्यास गेलों होतों. जुन्या गोव्यांत एस. टी. थांबली. एका बाजूला सेंट फ्रान्सिस झेवियरचें शव जेथें ठेविलेलें आहे तें बॉम जेझूचें देऊळ. समोर ‘से’ नांवाचें कॅथीड्रल. त्याच्या पाठीशीं असीसीच्या सेंट फ्रान्सिसचें देऊळ. पलीकडे सेंट कॅजेटनचें. आणि टेकडीवर सेंट ऑगस्टीनच्या मठाचा अर्धवट उभा राहिलेला मनोरा. मुलें माना वर करून पाहत होतीं. त्यांतला सातवींतला एक मुलगा, ज्याला गणितांत कच्चा म्हणून मी नेहमीं रागावत असें, माझ्याजवळ येऊन म्हणाला, “गुरुजी, देवळें इतकीं आहेत, पण घरें कोठें आहेत?”

मीं आजूबाजूला पाहिलें. खरोखरच घरें दिसत नव्हतीं. माड होते, गवत होतें, शहाळीं विकणाऱ्यांच्या गाड्या होत्या. मीं त्याला उत्तर दिलें, “अरे, पोर्तुगीज १९६१ सालीं परत गेले ना, त्यांच्याबरोबर घरेंहि गेलीं!” मुलें हंसलीं, तो मुलगाहि हंसला, आणि आम्ही एस. टी. त जाऊन बसलों. उत्तर साफ चुकीचें होतें. १९६१ सालीं तें शहर ओसाड पडून शंभरांहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं. मास्तराला ठाऊक नसेल तर त्यानें ‘ठाऊक नाहीं’ म्हणावें, एवढें साधें पथ्य मीं त्या दिवशीं पाळलें नाहीं. तो मुलगा पुढें मुंबईस गेला. आमच्या तालुक्यांतील पुष्कळ मुलें जातात. आज तो कोठें ऐकत असेल तर त्या उत्तराची दुरुस्ती करून घ्यावी.

प्रथम ‘धर्मग्राम’ म्हणजे काय, तें सांगतों. कॅथॉलिक ख्रिस्ती समाजांत एका देवळाच्या हद्दींत येणारीं सर्व घरें मिळून एक घटक होतो. गोव्यांत त्याला ‘फिर्गज’ म्हणतात आणि देवळाला ‘इगर्ज’. वसईकडील मराठी ख्रिस्ती मंडळी ‘धर्मग्राम’ हा शब्द वापरतात. तोच मला अधिक आवडतो, कारण त्यांत ग्राम आहे, म्हणजे माणसें आहेत. मठ निराळा आणि धर्मग्राम निराळा. मठांत संन्यासी राहतात. त्यांचा निर्वाह जमिनींच्या उत्पन्नावर आणि देणग्यांवर चालूं शकतो. धर्मग्रामाच्या पाद्र्याचें काम म्हणजे जन्मलेल्या मुलाला बाप्तिस्मा देणें, लग्नें लावणें, मेलेल्यांना मूठमाती देणें आणि हें सारें वहींत टिपून ठेवणें. १५६३ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या नोंदी ठेवणें सक्तीचें केलें. आमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरांत दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचें कारण असे रकाने असतात. त्यांतलाच हा प्रकार. शाळेची खरी स्थिति इमारतीवरून कळत नाहीं, रजिस्टर उघडावें लागतें. मीं त्या मुलाला उत्तर दिलें तें इमारती पाहून दिलें.

हें शहर विजापूरच्या आदिलशाहीच्या काळींच भरभराटीला आलेलें होतें. आफोन्सो द आल्बुकेर्क यानें तें १५१० च्या २५ नोव्हेंबरला, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशीं, कायमचें जिंकून घेतलें आणि तिच्या नांवानें एक लहानसें देऊळ उभारलें. किल्ल्यांतली शिबंदी, गलबतांवरचे खलाशी आणि येथल्या बायकांशीं लग्नें लावून राहिलेले शिपाई, एवढाच आरंभींचा पट. पुढें तो झपाट्यानें वाढला. १५३४ सालीं गोव्याला स्वतंत्र बिशप मिळाला आणि पाव शतकाच्या आंत तेथें आर्चबिशपचें पीठ झालें. एका देवळाला शहर आवरेना, म्हणून रोझरी, लूझ, सांता लुझिया अशा निरनिराळ्या फिर्गजी पडत गेल्या. यांपैकीं रोझरी माउलीचें देऊळ आजहि टेकडीवर उभें आहे. किल्ल्यासारखें जाड भिंतींचें, बसकें, गोल बुरुजांचें. बाकीच्या देवळांचा थाट त्याला नाहीं. पण माणसांच्या गरजेपुरतें बांधलेलें देऊळ पाहावयाचें असेल तर तें पाहावें.

हा पट सर्वस्वी राजीखुशीनें वाढला, असें मात्र कोणी समजूं नये. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरील हिंदु देवळें पाडण्यांत आलीं. १५६० पासून इन्क्विझिशनचें धर्मन्यायासन शहरांत बसलें आणि मधलीं थोडीं वर्षें सोडलीं तर १८१२ पर्यंत तें टिकलें. कित्येक कुटुंबें देव उचलून नदीपलीकडे गेलीं, कित्येक दक्षिणेस कानड्याच्या किनाऱ्याला लागलीं. श्रीमंतांच्या घरीं राबणारे गुलामहि बाप्तिस्म्याच्या वहींत येत. पट फुगण्याचीं कारणें पटावर लिहिलेलीं नसतात. आमच्या नगर जिल्ह्यांत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांची संख्या १८७६-७७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर एकदम वाढली. त्यांतहि श्रद्धा किती आणि उपाशी पोटाला मिळालेला आधार किती, हें वेगळें काढून दाखविणें कठीण आहे. मी तें काढूं पाहत नाहीं. पिढी उलटली कीं वहींतलें नांव खरेंच होऊन बसतें. नातवाला आजोबाचें कारण ठाऊकहि नसतें.

आतां या शहराच्या दुखण्याकडे वळतों. कारण माझ्या उत्तराची खरी चूक तेथें आहे.

१५४३ सालीं गोव्यांत पटकीची भयंकर सांथ आली. गास्पार कोर्रेया नांवाच्या पोर्तुगीज बखरकारानें तिचें वर्णन लिहून ठेविलें आहे. येथले लोक त्या रोगाला ‘मोडशी’ म्हणत. आपल्या आजीच्या तोंडचा हा शब्द! पोर्तुगीजांनीं तो उचलून ‘मोर्देशीं’ केला आणि पुढें फ्रेंचांनीं त्याचें ‘मोर-द-शियां’, म्हणजे ‘कुत्र्याचें मरण’, असें करून टाकलें. शब्दांचेहि असे हाल होतात. तर त्या सांथींत रोज इतके लोक मरूं लागले कीं, देवळांतली मृत्यूची घंटा थांबेचना. ती ऐकून जिवंत माणसांचें धैर्य खचूं लागलें, तेव्हां गव्हर्नर मार्तीं आफोन्सो द सोझा यानें मृतांसाठीं घंटा वाजविण्याचीच मनाई केली. दोष घंटेचा नव्हता, पाण्याचा होता. पण तें कळावयास अजून तीनशें वर्षें जावयाचीं होतीं.

पाण्याचें असें होतें. हें शहर जांभ्या दगडावर वसलेलें. जांभा म्हणजे स्पंजासारखा सच्छिद्र खडक. घराघराच्या परसांत शौचाचे खड्डे, आणि त्याच परसांत विहिरी. खड्ड्यांतलें सगळें झिरपून विहिरींत उतरावयाचें. ज्यांना परवडत असे ते बाणगिणीच्या झऱ्याचें पाणी विकत घेत. गुलाम तें मडक्यांतून घरोघर पोंचवीत. ज्यांना परवडत नसे ते विहिरीचें पीत. शिवाय टेकड्यांच्या कुशींतले सांचलेले पाणवठे, खाजणें आणि त्यांवर डांसांचे थवे. त्यामुळें हिवतापाचा मुक्काम कायमचा. आमच्या पारनेर तालुक्यांत पाणी नाहीं म्हणून माणसें गांव सोडतात. तेथें पाणी होतें, भरपूर होतें, आणि त्या पाण्यानेंच गांव सोडावें लागलें.

तरीहि साठ-सत्तर वर्षें शहर वाढतच राहिलें, कारण रोग जितकीं माणसें नेई त्याहून अधिक माणसें व्यापार आणीत असे. मध्यंतरीं १५७० मध्यें आपल्या नगरच्या मुर्तजा निजामशहानें चौलला आणि विजापूरच्या अली आदिलशहानें गोव्याला एकाच वेळीं वेढे घातले, दोन्ही फसले. १५८३ ते १५८८ या काळांत आर्चबिशपच्या पदरीं लिन्शोटेन नांवाचा एक डच कारकून होता. त्यानें गोव्याच्या सरळ रस्त्यावर रोज सकाळीं भरणाऱ्या लिलावाचें वर्णन केलें आहे: अरबी घोडे, मसाले, रेशीम, गालिचे आणि माणसेंसुद्धां तेथें विकलीं जात. १६०८ च्या सुमारास पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी आजारी होऊन तेथल्या सरकारी इस्पितळांत पडला होता. त्या इस्पितळाची त्यानें तोंड भरून स्तुति केली आहे. त्या काळीं शहराची वस्ती दोन लाखांवर असल्याचें सांगतात. कांहीं अभ्यासक हा आकडा फुगलेला समजून पाऊण लाखाच्या आसपास धरतात. पाऊण लाख धरले तरी त्या काळच्या मानानें तें मोठेंच शहर होय.

आणि आतां, श्रोतेहो, तारखांकडे लक्ष द्या. शाळेंत सनावळी पाठ करून घेतांना मुलें कंटाळतात. पण येथें सनावळीच सर्व गोष्ट सांगते. से कॅथीड्रलचा पाया १५६२ मध्यें घातला गेला. अडीचशें फूट लांबीचें तें देऊळ पुरें झालें १६१९ मध्यें, आणि आंतल्या वेदींचें काम संपलें १६५२ मध्यें. त्याच सालीं कुंकळ्ळीस ओतलेली ‘सोन्याची घंटा’ म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती या देवळाची. सेंट मोनिकाचा जोगिणींचा मठ १६०६ ते १६२७. असीसीच्या सेंट फ्रान्सिसचें देऊळ पुन्हां बांधून निघालें १६६१ मध्यें; सेंट कॅजेटनचेंहि त्याच सालीं. आतां दुसरी सनावळ ऐका. १६२२ मध्यें होर्मुझ गेलें. १६३५ मध्यें पुन्हां मोठी सांथ. १६४१ मध्यें डचांनीं मलाक्का घेतलें, १६५८ पर्यंत सगळा लंकेचा किनारा घेतला, १६६३ मध्यें कोची घेतली. १६४८ मध्यें तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या दुसऱ्यांदां गोव्यास आला, तेव्हां पहिल्या खेपेस ज्यांच्या घरची श्रीमंती त्यानें पाहिली होती तींच माणसें काळोख पडल्यावर गुपचूप येऊन त्याच्याकडे मदत मागूं लागलीं, असें त्यानें लिहून ठेविलें आहे.

दोन्ही सनावळी शेजारीं शेजारीं मांडल्या म्हणजे काय दिसतें? देवळें बांधून पुरीं होत होतीं त्याच वर्षांत शहर रिकामें होत होतें. आज आपण ज्या इमारती पाहून ‘केवढी ही वस्ती असेल’ म्हणतों, त्यांतल्या कित्येक इमारती वस्ती ओसरूं लागल्यावर उभ्या राहिल्या. घर माणूस आपल्या कुटुंबाच्या हिशेबानें बांधतो. संस्था बांधते ती मागल्या पिढीच्या गर्दीच्या हिशेबानें, आणि मेलेल्यांनीं मृत्युपत्रांत ठेविलेल्या पैशानें. मठांच्या जमिनी साष्टींत आणि इतरत्र पसरलेल्या होत्या. शहरांत माणूस राहिला नाहीं तरी त्यांचें उत्पन्न थांबत नव्हतें.

याचा अनुभव मला नोकरीच्या अखेरीस आला. शेवटचीं तीन वर्षें मी एका वस्तीवरल्या शाळेंत होतों. सुप्याला कारखाने निघाले, तशीं वस्तीवरलीं तरणीं कुटुंबें एकेक करून रस्त्याकडेला खोल्या घेऊन राहूं लागलीं. पट चाळीसांवरून अकरावर आला, आणि त्याच वर्षीं आम्हांला स्लॅबची नवी खोली मंजूर होऊन आली! मागणी केली होती ती चाळीस मुलें असतांना. खोलीला रंग दिला तेव्हां पटावर सात मुलें होतीं. आणि शाळा बंद करण्याचा कागद आला तेव्हां चार. पाहुण्यानें पाहिलें असतें तर नव्या खोलीवरून शाळेची भरभराट चालली आहे असेंच म्हटलें असतें.

गोव्यांत सरकारनेंहि शेवटीं हाय खाल्ली. १६८३ मध्यें संभाजीराजांनीं शहराला अगदीं लागून असलेलें जुवें बेट घेतलें, तेव्हां विजरई कोंद द आल्व्होर यानें आपला राजदंड झेवियरच्या शवाच्या हातीं ठेवून शहराचें रक्षण त्याच्यावरच सोंपविलें. अशी त्या काळची हबकी. मोगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें मराठे माघारी वळले आणि शहर वांचलें, पण हवेपाण्यापासून वांचविणारा कोणी नव्हता. १६९५ मध्यें विजरई आपला वाडा सोडून नदीच्या खालच्या अंगाला पणेलीं येथें राहावयास गेला. १७५९ मध्यें त्याच्या पुढल्यानें पणजीला आदिलशहाच्या जुन्या वाड्यांत बिऱ्हाड थाटलें. पणजी तेव्हां मिठागरें आणि मच्छीमारांचीं खोपटीं असलेलें गांव. रायबंदर आणि पणजी यांना जोडणारा लांबलचक दगडी बांध कोंद द लिन्यारिशनें १६३३-३४ मध्येंच बांधून ठेविला होता. माणसें त्या बांधावरून नदीच्या प्रवाहाबरोबर खालीं सरकत गेलीं: आधीं पणेलीं, मग रायबंदर, मग पणजी. एका रात्रींत कोणी गेलें नाहीं. थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा एका देवळाच्या वहींत आणि धाकट्याचा पुढल्या देवळाच्या वहींत, असें होत गेलें.

सतराव्या शतकाच्या अखेरीस वस्ती वीस-तीस हजारांच्या घरांत उरली होती. १७७५ मध्यें मोजणी झाली तेव्हां ती सोळाशें भरली. लिस्बनचा प्रधान मार्केश द पोंबाल याला ही गोष्ट खपली नाहीं. १७७४ मध्यें त्यानें जुनें शहर पुन्हां वसविण्याचा हुकूम सोडला, पैसा दिला. कामावरचे मजूर तापानें मरूं लागले. काम सोडून द्यावें लागलें. हुकूम देणाऱ्यानें तेथलें पाणी एकदां पिऊन पाहावयास हवें होतें, असें मला वाटतें.

घरें कोठें गेलीं, या प्रश्नाचें उत्तर येथें मिळतें. मालक गेला कीं वासे, कौलें, दारें त्याच्याबरोबर किंवा त्याच्या मागून जातात. छप्पर उडालें कीं कोंकणचा पाऊस दहा-पंधरा वर्षांत भिंत खालीं बसवितो. राहिलेले जांभ्याचे चिरे पणजीच्या बांधकामाला नेले गेले. १८२० मध्यें विजरईंचा जुना वाडा पाडला तोहि याच कामीं आला. जुनें शहर पडलें, असें आपण म्हणतों. खरें म्हणजे तें उचलून सहा मैलांवर नेलें. पणजीच्या जुन्या सरकारी इमारतींच्या भिंतींत तीं घरें आजहि उभीं आहेत. त्या मुलाला मी हें सांगूं शकलों असतों, तर त्यानें पणजींत उतरल्यावर भिंतींना हात लावून पाहिलें असतें.

देवळें मागें राहिलीं, कारण संन्यासी मागें राहिले. पण १८३४-३५ मध्यें पोर्तुगीज सरकारनें सर्व पुरुषांचे मठ बंद केले, आणि तीं माणसेंहि गेलीं. जांभ्याच्या भिंतीला दरसाल चुन्याची सफेदी लागते, ती थांबली. सेंट ऑगस्टीनच्या देवळाची छताची कमान १८४२ मध्यें कोसळली, आणि पुढें १९३१ मध्यें दर्शनी भागासह मनोऱ्याचा अर्धा भाग आला. उरला तो दीडशें फूट उंचीचा तुकडा, जो आमच्या मुलांनीं माना वर करून पाहिला.

जोगिणींच्या मठाची गोष्ट निराळी झाली. त्यांना कोणी बाहेर काढलें नाहीं. फक्त नवीन कोणास घ्यावयाचें नाहीं, एवढाच नियम झाला. सेंट मोनिकाच्या त्या अफाट तीन मजली मठांत होत्या त्या बायका राहत गेल्या आणि एकेक करून कमी होत गेल्या. शेवटची जोगीण १८८५ मध्यें वारली. पन्नास वर्षें! मी त्या मठाच्या दारांत उभा राहिलों तेव्हां कमानी, चित्रें यांकडे माझें लक्ष लागेना. शेवटच्या दोघी उरल्या असतील तेव्हां जेवणाची घंटा कोण वाजवीत असेल आणि कोणासाठीं, हाच विचार डोक्यांत फिरत राहिला.

आमची वस्तीवरली शाळा बंद झाली त्या दिवशीं सामानाची यादी करून मोठ्या शाळेंत जमा करावयाची होती. बाकें, फळे, नकाशे, खिचडीचीं भांडीं आणि घंटा. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा, कडुनिंबाला टांगलेला. तो मींच काढला. तो इतका जड असेल असें मला वाटलें नव्हतें. इतकीं वर्षें मी नुसता वाजवीत आलों होतों. मोठ्या शाळेंत विजेची घंटा आहे, तेव्हां तो तुकडा नोंद होऊन कोठीच्या खोलींत गेला. मुलें चारहि त्याच शाळेंत गेलीं. पहिल्या दिवशीं त्यांना घेऊन मीच गेलों होतों. जनरल रजिस्टरांत ‘सोडण्याचें कारण’ या रकान्यांत काय लिहावें याचा मला बराच वेळ विचार पडला. शेवटीं ‘शाळा बंद’ असें लिहिलें.

मी पुन्हां जुन्या गोव्यास गेलों तो गेल्या प्रदर्शनाच्या वेळीं. दर दहा वर्षांनीं झेवियरचें शव लोकांच्या दर्शनासाठीं बॉम जेझूमधून से कॅथीड्रलमध्यें आणतात. या वेळीं तें २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असें होतें. पहांटेपासून रांगा. मंगळूर, वसई, केरळ, परदेश, सगळीकडचीं माणसें, हिंदु पुष्कळ. से कॅथीड्रल मीं प्रथमच भरलेलें पाहिलें, आणि अडीचशें फुटांचें तें देऊळ त्या दिवशीं मोठें वाटलें नाहीं. सायंकाळीं गाड्या निघून गेल्या. उरलीं तीं मेणबत्त्या विकणारीं आवराआवर करणारीं माणसें, पोलीस आणि झाडणाऱ्या बायका. झाडणाऱ्या एका बाईंना मीं विचारलें, “तुम्ही येथल्याच का?” त्या म्हणाल्या, “होय. आमची फिर्गज हीच. आमच्याकडलीं लग्नें येथेंच लागतात.” म्हणजे धर्मग्राम आहे! एवढ्या दगडांच्या पसाऱ्यांत आसपासच्या वाड्यांतलीं कुटुंबें आपलीं मुलें बाप्तिस्म्याला घेऊन येतात आणि वहींत नांव लिहून जातात. जगाच्या वारशाच्या यादींत हीं देवळें १९८६ पासून आहेत. पण त्या बाईंना तें सांगण्याचें मला कारण दिसलें नाहीं.

रात्रीच्या मुक्कामाला पणजीस आलों. तेथें टेकडीच्या अंगाला पांढऱ्या पायऱ्यांच्या नागमोडी वळणांवर उभें असलेलें कन्सेप्शन माउलीचें देऊळ तुम्हांपैकीं पुष्कळांनीं चित्रांत पाहिलें असेल. पूर्वीं लिस्बनहून येणारीं गलबतें प्रथम येथें थांबत, आणि सुखरूप पोंचल्याबद्दल खलाशी या देवळांत आभार मानून मग वर जुन्या शहराकडे जात. माझें लक्ष त्याच्या घंटेकडे होतें. ती मूळची सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यावरची. मठ बंद झाल्यावर ती १८४१ मध्यें आग्वादच्या दीपस्तंभावर नेली. तीस वर्षें तिनें तेथें समुद्रावरच्या माणसांसाठीं काम केलें. १८७१ मध्यें ती या देवळावर चढविली, आणि तिला जागा व्हावी म्हणून दर्शनी भाग मुद्दाम वाढविला. कॅथीड्रलच्या सोन्याच्या घंटेनंतर गोव्यांत हीच मोठी म्हणतात.

मी खालच्या पायरीवर बसलों होतों तोंच ती वाजली. आवाज जाड आणि सावकाश. समोरच्या रस्त्यावरची वर्दळ थांबली वगैरे कांहीं नाहीं. मोटारी चालल्या होत्या, फुलवालीनें गजऱ्याचे सुटे पैसे मोजून दिले. एक बाई मात्र शाळकरी मुलाचा हात धरून, त्याच्या पाठीवरचें दप्तर सांवरीत, लगबगीनें पायऱ्या चढत गेली. मुलगा मागें पडत होता. ती त्याला कोंकणींत म्हणाली तें मला पुरतें कळलें नाहीं. पण उशीर झाला म्हणून रागावत होती, एवढें मास्तराला कळतें.